निमुळत्या टोकाचा काप

झोळी बंडीखाली होती आणि बंडी पेटली होती. झोळीत गिरजाची पोरगी होती, अजून दात न आलेली. वरून जळता कापूस बोळ्याबोळ्यानं गळत होता. जीनच्या दाराचा पहारेकरी सुखदेव वाकून झोळी दोन्ही हातांनी हिसडत होता आणि प्रत्येक हिसड्यानं तिच्या गाठी जास्तच आवळत होत्या.

"सुखदेव, वढू नको! सोड ते!" मी ओरडले.

"मंग काय करू? मधातून फाड!"

मधात पोरगी होती. माझ्या हातात अडकित्ता होता. पळताना तो खाली ठेवायचं सुचलं नाही म्हणून राहिला होता, दुसरं काही कारण नाही. मी सुखदेवला बाजूला ढकललं आणि चाकाशेजारून बंडीखाली शिरले.

लोक मला ही गोष्ट सांगायला लावतात ती इथूनच, आणि पोरीपाशी येऊन थांबतात. आग लागली कशी, हे कुणी विचारत नाही. आग लागली ती चिरूट चुकीची कापल्यानं. तेव्हा आधी माझा धंदा सांगते. पोरीकडे परत येऊ.

मी जानेफळची. मराठी चौथी शिकले आणि खामगावला दिली गेले. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. मोठे हुकूम नागपूरहून निघत आणि जिल्ह्याचा साहेब बुलढाण्याला घाटावर बसे. आमचं साहेबाशी काम नव्हतं, आमचं काम कापसाशी. माझ्या नवऱ्याचं पानबिडीचं दुकान एका जीनच्या दारासमोर होतं. जीन म्हणजे कापसातली सरकी वेगळी करायचा कारखाना. हंगामात तिथे लांबलांबच्या गावांहून बंड्या येत. बंडी म्हणजे आमच्याकडची बैलगाडी. नवऱ्याची छाती बिघडली आणि तो गेला. सासरचे म्हणाले, बाईमाणूस जीनच्या दारात तंबाखू विकत बसणार काय? मी म्हणाले, मग तुमच्यापैकी कुणी बसा. कुणी बसलं नाही. मी बसले.

दुकानाच्या पडवीत करीमचाचा चिरूट वळत बसत. ते तरुणपणी मद्रासकडे होते, तिथे हा हुन्नर शिकले आणि म्हातारपणी भावाच्या आधाराला खामगावात आले. नवऱ्यानं त्यांना जागा दिली होती, मी ती राहू दिली. हळूहळू मीही वळायला शिकले. आत तंबाखूच्या पानांचा चुरा नाही, लांब तुकडे घालायचे. त्यांना एका पानात बांधायचं आणि वरून चांगलं, शिरा काढलेलं, ओलसर पान तिरकं गुंडाळत न्यायचं. शेवटी टोकाशी कणकेच्या खळीचा एक ठिपका लावून ते चिकटवायचं. चाचाची चिरूट गाजरासारखी असे. जाड बाजू विस्तवाला, निमुळती शेंडी तोंडाला.

ज्यांनी फक्त बिडी ओढली त्यांना हे कळत नाही की चिरुटीची शेंडी बंद असते. ती कापल्याशिवाय धूर येत नाही. आणि कापण्यातच सगळी मेख आहे. आमच्याकडे कापायला अडकित्ता. सुपारीचाच, पण पातं सहाणेवर घासून घासून इतकं पातळ केलेलं की चाचा त्यानं दाढीचा केस कापून दाखवत. पहिला काप मसुराच्या दाण्याएवढा घ्यायचा. मग न पेटवता नुसता दम ओढून पाहायचा. घट्ट वाटला तर आणखी एक मसूर. निमुळत्या चिरुटीचं सुख हेच की जसजसं खाली यावं तसतसं तोंड मोठं होतं, ज्याला जसा दम हवा तसा मिळतो. पण शेंडी संपून अंग भरायला लागतं त्या जागेला चाचा खांदा म्हणत. पातं खांद्याखाली गेलं की संपलं. खळ फक्त शेंडीला असते, ती कापून टाकली की वरच्या पानाला धरायला काही उरत नाही.

"बेटी, हे पान म्हंजे लुगडं समज," चाचा म्हणायचे. "खोचलेलंच काढून टाकलं त अंगावर राहीन का?"

तोंडात पानाचा विडा असलेल्या गिऱ्हाईकाला तिरका काप द्यायचा, म्हणजे चिरूट ओठाच्या कोपऱ्यात नीट बसते. पावसाळ्यात पान दमट असतं, तेव्हा शेंडीवर आडवी खाच पाडायची. काही जण दाभणानं भोक पाडायला सांगत. बोथट डोक्याच्या चिरुटीला ते चालतं. निमुळतीला पाडलं तर शेंडी उभी फाटते. हे मी तोंडानं सांगत बसत नसे. गिऱ्हाईकाचे दात, ओठ, मिशा पाहायच्या आणि कापून द्यायचं.

गिऱ्हाईकं तऱ्हेतऱ्हेची. मेहकरकडचे एक वकील कापून घेत, पण पेटवत कधीच नसत. कोर्टात नुसती दातात धरत. महिनाभर तीच पुरे. बीबी गावचे एक खानसाहेब बैलांचा व्यापार करीत. ते चिरूट कापून घेत, कानावर ठेवत आणि माझ्याचकडची बिडी ओढत निघत.

"खानसाब, चिरूट कायले घेता मंग?" मी एकदा विचारलं.

"बाई, बैल पाह्यताना बिडी. सौदा बसताना चिरूट कानावर. समोरच्याले वाटलं पाह्यजे का ह्याले घाई नाई."

एक पाटलीणबाई दमणीतून, म्हणजे झाकलेल्या हलक्या बैलगाडीतून येत आणि गड्याकरवी सगळ्यांत कडक चिरूट मागवत. गडी सांगे, मालकांना हवी. एकदा मी सरळ काप दिला तर आतून आवाज आला, "तिरकी काप म्हणा, माझा पुढचा दात पडला आहे." त्यानंतर मी गड्याला काही विचारलं नाही.

वऱ्हाडी माणसाची एक खोड मात्र चाचाला शेवटपर्यंत सहन झाली नाही. त्याला काप मोठा हवा. पैसा दिला तर धूर पोटभर पाहिजे. मसुराएवढा काप पाहिला की त्याला वाटे, बाईनं हात आखडता घेतला. घरी जाऊन तो विळ्यानं अर्धी शेंडी उडवी आणि दुसऱ्या दिवशी उकललेली चिरूट घेऊन भांडायला येई.

आता विस्तवाचं सांगते. जीनच्या आवारात विस्तव बंद. जीन आणि माझं दुकान यांच्यामध्ये एक कडुनिंब होता, ती हद्द. आत जाणारा प्रत्येक जण काडीपेटी, बिडी, चकमक माझ्याकडे ठेवून जाई. अर्धी ओढलेली चिरूटसुद्धा. मी तिचं जळकं तोंड कापून कोनाड्यात ज्याच्या त्याच्या जागेवर ठेवायची. सुखदेव प्रत्येकाचे खिसे चाचपी. हद्द सगळ्यांना पाठ होती. पण हद्द माणसांसाठी होती, बंड्यांना कुणी सांगितली नव्हती. त्या वर्षी कापूस उदंड आला. त्या दिवशी बंड्यांची रांग जीनच्या दारातून निघून कडुनिंब ओलांडून माझ्या दुकानापर्यंत आली होती. ओढणारे नेहमीच्या जागी उभे होते आणि कापूस त्यांच्याजवळ चालत आला होता. हे त्या दिवशी कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

रांगेतली शेवटची बंडी सोनाळा गावची. नवरा-बायको आणि तान्ही पोरगी. नवरा आत वजनाच्या बोलणीत अडकला होता. बैल सोडून पलीकडे बांधले होते. बायकोनं, म्हणजे गिरजानं, जुनं लुगडं पीळ देऊन बंडीखाली बांधलं होतं, एक टोक दोन चाकांमधल्या आखाला आणि दुसरं मागच्या लाकडाला, आणि त्या झोळीत पोरीला निजवलं होतं. सावली आपसूक मिळते. आमच्याकडे सगळ्या बंडीवाल्या बायका असंच करतात.

"मावशी, पानी घेऊन येतो," ती घागर कमरेवर घेत मला म्हणाली. "पोरगी झोपली हाये. जरासं लक्ष ठेवजा."

"जा तू. मी हाओ," मी म्हटलं.

ती गेली आणि मगनसेठ आला. मगनसेठ कापसाचा खरेदीदार. भरल्या अंगाचा, मोठ्या मिशांचा, हसतमुख माणूस. वाईट नव्हता, घाईचा होता. मी त्याची चिरूट कापून दिली.

"बाई, हे काय? सुईचं नेढं पाडलं का?"

"सेठजी, आधी वढून त पाहा."

त्यानं ओढली. "नाई येत."

मी आणखी एक मसूर कापला. त्यानं परत ओढली आणि आजूबाजूच्या दलालांकडे पाहून डोळा मिचकावला. "बाईच्या हाताले कंजुषी लागली. धूरसुद्धा तोलून देते."

सगळे हसले. मग त्यानं बंडीतल्या कापसाचा नमुना काढायला ठेवलेला आपला चाकू काढला आणि खांद्याच्या पार खाली चिरूट उडवली.

"सेठजी, लुगडं सुटीन," मी म्हटलं.

"सुटू दे! आपलीच हाये!"

पुन्हा हसणं. जीनच्या दारात असंच बोलतात, मी कान झाकून बसले असते तर दुकान चाललं नसतं. त्यानं पेटवली. धूर आला, ढीगभर आला. "याले म्हन्तात धूर!" तो म्हणाला आणि माझ्याकडे पाठ करून दलालांशी भावाचं बोलू लागला. मी दुसऱ्या गिऱ्हाईकाची चिरूट कापायला घेतली. ती त्याच्या हातून काढून घ्यायला हवी होती असं मला आजही वाटतं, पण विकलेला माल गिऱ्हाईकाच्या हातातून कोण काढून घेतं?

बोलता बोलता सेठच्या हातात पान उकलत गेलं. तोंडाकडून सुरू झालं आणि विस्तवापर्यंत गेलं. चटका बसला तसा त्यानं हात झटकला. दुपारचा वारा होता. जळती पानं सुटून उडाली. काही धुळीत पडली, एक सोनाळ्याच्या बंडीच्या मागच्या अंगाला कापसात पडलं.

कापूस पेटताना आवाज होत नाही. आधी नुसती एक पिवळी जीभ वरून पळत गेली, जणू कुणी हात फिरवला. मग कापूस अडवायला बंडीच्या बाजूंना लावलेले तट्टे पेटले. ते तुरीच्या वाळल्या काड्यांचे होते. तेव्हा तडतडलं आणि माणसं ओरडायला लागली.

आता बंडीखाली परत येते. मागचं लाकूड पेटायला लागलं होतं आणि झोळीची त्या बाजूची गाठ काळी पडत होती. पोरीचं डोकं त्याच बाजूला होतं. ती जागी झाली होती आणि किंचाळत होती. डोक्याकडची गाठ कापली असती तर पोर डोक्यावर पडली असती, तीही विस्तवात. पायांकडची गाठ आखाला होती. तिथे लुगड्याला पीळ भरपूर होता. झोळी मधात रुंद, पण गाठीजवळ येईपर्यंत बोटाएवढी बारीक झाली होती. अडकित्त्याचं तोंड किती उघडतं ते सगळ्यांना माहीत आहे. ते मधात कुठे बसलंच नसतं. तिथे बसलं. मी एका हातानं पोरीचे पाय धरले आणि दुसऱ्यानं दाबलं. अर्धं कापलं. परत दाबलं. झोळी सुटली आणि पोर पायाकडून घसरत माझ्या मांडीवर आली. मी तिच्यावर वाकले. पाठीवर आणि कानावर काहीतरी जळतं पडलं. तेवढ्यात सुखदेवनं माझे पाय धरून मला बाहेर फरफटत ओढलं. तोंडात माती गेली. पोर रडत होती, म्हणजे बरं होतं.

पुढे एकदा गावातल्या शाळेच्या मास्तरांनी मला विचारलं, झोळी कापताना तुम्हाला चिरूट आठवली असेल नाही? नाही आठवली. काही आठवलं नाही. पातं जिथे बसेल तिथे कापलं. मास्तर जरा हिरमुसले.

मी बाहेर पडून उठते तो मगनसेठ बंडीपुढे उभा. अंगातला कोट काढून फेकलेला. बाकीचे आपापल्या बंड्यांकडे पळत होते. त्याच्या मागेच दुसरी कापसाची बंडी होती, तिच्यामागे तिसरी, आणि रांगेच्या टोकाला जीन. जीनमध्ये बाया कामावर होत्या.

"लावा बे हात!" तो ओरडला. "बंडी बाहेर काढा! पाह्यता काय?"

कुणी हललं नाही तेव्हा त्यानं एकट्यानंच जू उचललं. ते पाहून सुखदेव धावला, मग दोन बंडीवाले. जळती बंडी घेऊन ते बैलांसारखे पळाले, रस्ता ओलांडून, मोकळ्या पडीक जमिनीत. वरून कापसाचे पेटते बोळे त्यांच्या डोक्यांवर पडत होते. तिथे त्यांनी ती सोडली. बाकीच्यांनी रस्त्यावरच्या ठिणग्या पोत्यांनी आणि मातीनं विझवल्या. दुसरी बंडी पेटली नाही.

आणि तेव्हाच गिरजा घागर घेऊन आली.

तिनं जागा पाहिली. जागा रिकामी. मग तिनं लांब मोकळ्या जमिनीत जळणारी बंडी पाहिली, खाली लोंबणारी पेटलेली चिंधी पाहिली. घागर पडली. ती पळाली ती थेट त्या बंडीकडे. मी हाका मारत होते, पण धुरानं माझा आवाज बसला होता. मी पोर घेऊन तिच्यामागे धावले. माझे गुडघे सोललेले, पोर किंचाळते आहे, आणि ती बाई आगीकडे पळते आहे. तो तेवढा वेळ मला आजही नको वाटतो. शेवटी मगनसेठनंच तिला आडवं होऊन धरलं. तिनं त्याला नखांनी ओरबाडलं.

"ते पाह्य! मांगं पाह्य!" तो ओरडत होता. "बाईजवळ हाये तुही पोरगी!"

गिरजानं पोर घेतली. पायाची बोटं पाहिली, कान पाहिले, डोक्यावरचं जावळ हुंगलं. मग मला म्हणाली, "मावशी, झोळी कुठी?"

"जळली."

"माह्या मायचं लुगडं होतं ते."

"जळलं, बाई."

"जळू द्या," ती म्हणाली, आणि मातीत बसून रडायला लागली. मी शेजारी बसले. मला रडू येत नाही, पण बसले.

मगनसेठच्या दोन्ही हातांची कातडी गेली होती आणि एका बाजूची मिशी. सोनाळ्याच्या माणसाला त्यानं दुसरी बंडी दिली. ते त्याला कुणी सांगावं लागलं नाही. हात बांधलेले होते तोवर तो दुकानाकडे फिरकला नाही. मग एक दिवस आला, नेहमीच्या जागी न थांबता रस्त्याच्या पलीकडे आला. कारण मी दुकान तोवर तिकडे हलवलं होतं, वारा जीनकडून माझ्याकडे येईल अशा बाजूला. सुखदेवला मी बजावलं होतं की आता कडुनिंब हद्द नाही, शेवटची बंडी जिथे असेल तिथून पुढे हद्द. जीनच्या मालकाला ते पटायला वेळ लागला, पण सुखदेव मालकाची वाट पाहत बसला नाही.

सेठनं चिरूट माझ्यापुढे ठेवली. "बाई, तूच काप."

"किती कापू?"

"तुह्या मनानं काप."

मी मसुराएवढं कापलं. "धूर पुरन का?"

"पुरन, बाई, पुरन. आता जाळायले मिशी कुठी राह्यली?"

करीमचाचा सगळं ऐकत होते. त्या वेळी त्यांना दिसत कमी होतं. त्यांनी सेठच्या हाताला हात लावून पाहिला, बोटं चाचपली आणि म्हणाले, "सेठ, ह्या हातानं आता मूठ मिटून जाड चिरूट धरता येणार नाई. बेटी, याले दोन बोटांच्या मधात बसन अशी बारीक वळून देत जा." तेव्हापासून सेठसाठी वेगळी चिरूट वळली जाऊ लागली. लोकांना ती इतकी आवडली की आम्हाला हात कमी पडायला लागले. जीनमधल्या दोन बायांना, हंगाम संपला की घरी बसणाऱ्या, मी वळायला शिकवलं. चाचा त्यांना कापायला शिकवत. पुढे डोळे पुरते गेले तरी शिकवत. दोघींनी पुढे आपापली दुकानं घातली. माझी गिऱ्हाईकं त्यांनी पळवली, पण हात चांगला होता, काय बोलणार?

चाचा गेले. पुढे सिगारेट आली. ती दोन्हीकडून उघडीच असते, कापायचं काही कामच नाही. आता चिरूट मागणारा एखादाच म्हातारा येतो आणि मी कापून दिली की घरी जाऊन विळ्यानं परत कापत असणार, मला खात्री आहे. अडकित्ता अजून आहे. सुपारीला वापरते.

त्या दिवशी बंडी गेली, तिच्यातला कापूस गेला, माझा एक कान आखडला आणि सेठची बोटं पुन्हा पुरती मिटली नाहीत. बाकी सगळे जगले. सुखदेव जगला, मगनसेठ जगला, जीनमधल्या बाया जगल्या, पलीकडे बांधलेले बैल जगले. गिरजा सोनाळ्याला आहे. पोरीचं नाव अनसूया. तीही आहे.